सुरतेतील जुन्या युरोपीय व आर्मेनियन दफनभूमी : नोंद, जतन आणि मराठी इतिहासाची साधने

गोषवारा

सुरत शहरातील कतारगाम दरवाजा परिसरात सतराव्या व अठराव्या शतकांतील इंग्रज, डच व आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या दफनभूमी आहेत. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके म्हणून त्यांना केंद्रीय कायद्याचे संरक्षण आहे. तथापि हे संरक्षण संपूर्ण दफनभूमीला एकच स्मारक मानून दिलेले असल्याने तेथील एकेका कबरीची व शिलालेखाची झीज कोणत्याही गणनेत येत नाही. प्रस्तुत निबंधात या दफनभूमींचे मराठी इतिहासाच्या साधनांशी असलेले नाते स्पष्ट करून कबरनिहाय नोंद ही जतनाची पहिली पायरी होय, असे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : सुरत, वखार, दफनभूमी, मृत्युलेख, शिवकालीन साधने, स्मारक संरक्षण.

प्रस्तावना

शिवकाल शिकविणाऱ्या प्रत्येक अध्यापकास ऑक्झेंडन हे आडनाव परिचित आहे. जून १६७४ मध्ये रायगडावर झालेल्या राज्याभिषेकप्रसंगी ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून हेन्री ऑक्झेंडन उपस्थित होता आणि त्याने लिहून ठेवलेली हकिकत हे त्या सोहळ्याचे एक महत्त्वाचे समकालीन साधन मानले जाते. याच घराण्यातील दोन बंधू, ख्रिस्तोफर व सर जॉर्ज, सुरतेत एकाच इमारतीत चिरविश्रांती घेत आहेत, ही गोष्ट मात्र आपल्या वर्गांत क्वचितच सांगितली जाते. त्यांपैकी सर जॉर्ज हा जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा तेथील इंग्रज वखारीचा प्रमुख होता.

आपण त्यांचे कागद जपले, वाचले, भाषांतरित केले. कागद लिहिणाऱ्यांच्या कबरींकडे मात्र इतिहासाचे साधन म्हणून आपण फारसे पाहिले नाही. ही उणीव केवळ भावनिक स्वरूपाची नाही. कबरीवरील लेख हा सुद्धा एक दस्तऐवज असतो. दप्तरातील कागदाची नक्कल लंडनमध्ये, हेगमध्ये किंवा मुंबईत मिळू शकते. उघड्यावरील दगडाची नक्कल कोणी केली नसेल तर तो झिजल्यावर त्यातील माहिती कायमची संपते.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) सुरतेतील दफनभूमींचे ऐतिहासिक व वास्तुविषयक स्वरूप थोडक्यात मांडणे, (२) मराठी व कोकणी इतिहासाशी त्यांचा असलेला संबंध दाखविणे, (३) प्रचलित संरक्षण-व्यवस्थेची मर्यादा तपासून उपाय सुचविणे. विवेचनासाठी प्रवासवृत्ते, वखारींची प्रकाशित कागदपत्रे, गॅझेटियर आणि स्मारकविषयक कायदे यांचा आधार घेतला आहे.

सुरतेची वखार आणि दफनभूमींची निर्मिती

मोगल साम्राज्याचे पश्चिमेकडील प्रमुख बंदर म्हणून सुरतेचे महत्त्व सर्वज्ञात आहे. इंग्रजांनी १६१३ मध्ये व डचांनी १६१६ मध्ये येथे वखारी स्थापन केल्या. आर्मेनियन व्यापारी त्यांच्याही आधी येथे वावरत होते. मेस्रोव्ह जेकब सेठ यांनी आर्मेनियनांच्या भारतातील इतिहासावर १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुरतेतील आर्मेनियन शिलालेखांची नोंद केली असून त्यांतील सर्वांत जुना लेख १५७९ सालचा, एका धर्मोपदेशकाच्या पत्नीच्या कबरीवरील आहे. म्हणजे इंग्रजांचे पहिले जहाज सुरतेच्या किनाऱ्यास लागण्यापूर्वी तीन दशके या मातीत एक आर्मेनियन स्त्री पुरली गेली होती.

पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या युरोपीय माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हण त्या काळी रूढ होती. १६८९ मध्ये सुरतेच्या प्रवासास निघालेला धर्मोपदेशक जॉन ओव्हिंग्टन याने ती नोंदविली आहे. ताप, अतिसार, अतिमद्यपान आणि दीर्घ सागरप्रवास यांमुळे विशीतिशीतील कारकून व दर्यावर्दी मोठ्या संख्येने मरत. त्यामुळे वखारीबरोबर दफनभूमी ही जणू अपरिहार्यपणे आली. ओव्हिंग्टनच्याच वृत्तांतात सुरतेबाहेरील या भव्य कबरींचेही वर्णन आढळते.

वास्तूंचे स्वरूप

या दफनभूमींचे पहिले वैशिष्ट्य असे की, त्यांतील मोठ्या इमारती दिसण्यात युरोपीय नाहीत. इंग्लंडमध्ये किंवा हॉलंडमध्ये त्या काळच्या व्यापाऱ्यास चर्चच्या फरशीखाली अथवा आवारात साध्या शिळेखाली पुरले जाई. सुरतेत मात्र त्याच दर्जाच्या माणसासाठी घुमट, कमानी, कोपऱ्यांवरील मनोरे आणि वर जाणारे जिने असलेली इमारत उभी राहिली. गुजरातच्या सुलतानांच्या व मोगल अमीर-उमरावांच्या मकबऱ्यांची परंपरा येथील गवंड्यांच्या हाती होती. त्यांनी नव्या धन्यासाठी तीच राबविली.

यामागे हेतुपुरस्सर धोरण होते. मोगल सुभ्यात प्रतिष्ठा दिसण्यावर ठरे. जिवंतपणी पालखी, निशाण व लवाजमा यांनी जे साधावयाचे, तेच मृत्यूनंतर मकबऱ्याने साधावयाचे होते. इंग्रज व डच यांच्यातील व्यापारी स्पर्धा त्यामुळे कबरींपर्यंत पोहोचली. ख्रिस्तोफर ऑक्झेंडन १६५९ मध्ये मरण पावला, तेव्हा त्याच्यासाठी घुमटाकार इमारत उभारण्यात आली. १४ जुलै १६६९ रोजी सर जॉर्ज वारला, तेव्हा त्याच इमारतीस सामावून घेणारी अधिक मोठी, दुमजली वास्तू रचली गेली. ख्रिस्तोफरचा लॅटिन मृत्युलेख हिशेबवहीच्या परिभाषेत रचलेला आहे. मृत्यूने अवचित हिशेब मागितल्याने त्याच्या खात्यात वर्षे न जमता दिवसच जमले, असा त्याचा आशय आहे. व्यापाऱ्याचा व्यवसाय, त्याचे अल्प आयुष्य आणि भावाची शोकभावना या तीन गोष्टी त्या मोजक्या ओळींत एकवटल्या आहेत.

डच दफनभूमीतील सर्वांत भव्य वास्तू हेन्द्रिक आद्रियान फान रीडे याची होय. १८७७ च्या मुंबई गॅझेटियरच्या दुसऱ्या खंडात या दफनभूमींची माहिती दिलेली असून त्यापूर्वी १८६० च्या दशकात मुंबई प्रांताच्या सनदी सेवेतील ए. एफ. बेलासिस यांनी सुरतेच्या कबरींवर स्वतंत्र टिपण लिहिले होते. या वर्णनांवरून फान रीडेच्या इमारतीत एके काळी भित्तिचित्रे, कुलचिन्हे, धर्मवचने आणि खिडक्यांना लाकडी कोरीवकाम होते असे समजते. जे एके काळी होते ते आता केवळ वर्णनातून कळते, हीच जतनाच्या प्रश्नाची सुरुवात आहे.

या थोरामोठ्यांच्या इमारतींभोवती लहान कबरी आहेत. साधा चौथरा, त्यावर चुन्याचा गिलावा, क्वचित एखादी शिळा, असे त्यांचे स्वरूप. आर्मेनियनांच्या कबरी तर बहुतांशी जमिनीलगतच्या सपाट शिळा आहेत. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने याच कबरी अधिक बोलक्या ठराव्यात. पण सर्वांत आधी झिजतात त्याही याच.

मराठी इतिहासाशी असलेले नाते

जानेवारी १६६४ मधील स्वारीच्या वेळी सुरतेचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. बहिर्जी बोहरा व हाजी जाहिद बेग या धनाढ्यांची घरे लुटली गेली. इंग्रज व डच यांनी आपापल्या वखारी लढवून वाचविल्या. सर जॉर्जने केलेल्या या बचावाबद्दल औरंगजेबाने जकातीत सवलत दिली आणि कंपनीने त्याचा गौरव केला. वखारीचा धर्मोपदेशक एस्कॅलिओ याने त्याच महिन्यात इंग्लंडला पाठविलेल्या पत्रात या स्वारीची हकिकत आहे. महाराजांना प्रत्यक्ष पाहिलेल्या अँथनी स्मिथ या इंग्रजाच्या सांगण्यावरून केलेले महाराजांच्या रूपाचे वर्णनही त्याच पत्रात आले आहे.

ही सामग्री मराठी संशोधकांनी परिश्रमपूर्वक संकलित केली. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३० च्या सुमारास प्रसिद्ध केलेले शिवकालीन पत्रसारसंग्रहाचे व इंग्रजी कागदपत्रांचे खंड आजही प्रत्येक अभ्यासकाच्या हाताशी असतात. त्या पत्रांखाली सह्या करणारी माणसे कोण होती, कोणत्या वयात मेली, त्यांची कुटुंबे येथे होती काय, या प्रश्नांची उत्तरे वखारीच्या कागदांतून अंशतः मिळतात. उरलेली दफनभूमीत शोधावी लागतात.

अर्थात मृत्युलेख हे साधन जपून वापरावे लागते. तो आप्तांनी लिहविलेला असतो, म्हणून स्तुतिपर असतो. कालगणनेचीही अडचण आहे. इंग्रज त्या काळी जुने पंचांग वापरीत आणि त्यांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे सुरतेची पहिली लूट इंग्रजी कागदांत जानेवारी १६६३ अशी नोंदलेली दिसते. डच मात्र सुधारित पंचांग वापरीत आणि त्यांच्या तारखा इंग्रजांच्या दहा दिवस पुढे असत. शेजारशेजारच्या दोन दफनभूमींतील तारखा जुळविताना हा फरक ध्यानात न घेतल्यास संशोधक सहज फसतो. लेख मूळ स्थितीत वाचण्याजोगा असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

लेख नाहीसा झाला म्हणजे काय होते, याचे उदाहरण जेरल्ड ऑंजियर याच्या रूपाने समोर आहे. मुंबई बेटाच्या प्रशासनाचा पाया घालणारा आणि हेन्री ऑक्झेंडनला रायगडी पाठविणारा हा गव्हर्नर ३० जून १६७७ रोजी सुरतेत वारला. ज्याच्याशिवाय मुंबईचा आरंभीचा इतिहास सांगता येत नाही, त्याच्या कबरीची ओळख दीर्घकाळ अनिश्चित राहिली. इमारत उभी असूनही माणूस हरवू शकतो, तो असा.

एका कोकणी दाखल्याचा ग्रंथकर्ता

डच दफनभूमीतील फान रीडे याचे नाते आपल्याशी वेगळ्या वाटेने जुळते. मलबारचा डच कमांडर असताना त्याने ‘हॉर्टस मलबारिकस’ या वनस्पतिविषयक ग्रंथाचे काम हाती घेतले. ॲम्स्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड प्रसिद्ध झाले. सातशेहून अधिक वनस्पतींची चित्रे व वर्णने त्यांत आहेत आणि पुढे लिनिअसने आपल्या वर्गीकरणात या ग्रंथाचा आधार घेतला.

या ग्रंथाची माहिती पुरविणाऱ्यांत मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्यासमवेत रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोकणी वैद्य होते. पोर्तुगीज अमलात गोव्यातून कोचीनकडे स्थलांतरित झालेल्या सारस्वत समाजाचे ते प्रतिनिधी. आपण दिलेली माहिती खरी असल्याचा त्यांचा १६७५ सालचा दाखला पहिल्या खंडात छापलेला आहे. तो कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत आहे. युरोपात छापल्या गेलेल्या नागरी अक्षरांच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते.

कंपनीच्या वखारींतील गैरव्यवहार तपासण्यासाठी १६८४ मध्ये फान रीडे याची आयुक्त म्हणून नेमणूक झाली. सुरतेकडे येत असता १५ डिसेंबर १६९१ रोजी मुंबईनजीक जहाजावरच त्याचा अंत झाला व जानेवारी १६९२ च्या आरंभी सुरतेत त्याचे दफन झाले. ग्रंथाचा शेवटचा खंड त्याच्या मृत्यूनंतर निघाला. केरळ विद्यापीठाने के. एस. मणिलाल यांनी केलेला या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये व मल्याळम अनुवाद २००८ मध्ये प्रसिद्ध करून त्या भूमीचे ऋण फेडले. कोकणी वैद्यांच्या अक्षरांना युरोपात नेणारा माणूस सुरतेत पुरलेला आहे, ही गोष्ट गोव्याच्या व महाराष्ट्राच्या भाषाभ्यासकांनी स्वतःची मानण्यास हरकत नसावी.

कायद्याचे संरक्षण आणि त्याची मर्यादा

१९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यातील ‘प्राचीन स्मारक’ या संज्ञेत शंभर वर्षांहून अधिक जुन्या वास्तूंबरोबर दफनस्थळे व शिलालेख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी व त्यापुढील २०० मीटरपर्यंत नियंत्रण लागू झाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या यादीत सुरतेच्या या दफनभूमी समाविष्ट आहेत. कागदोपत्री विचार करता याहून अधिक भक्कम संरक्षण नाही.

प्रश्न गणनेचा आहे. यादीत जुन्या इंग्रज कबरींची एक नोंद आहे आणि डच व आर्मेनियन कबरींची व दफनभूमींची एकत्रित एक नोंद आहे. त्या नोंदीच्या पोटात असंख्य स्वतंत्र कबरी आहेत. ऑक्झेंडन व फान रीडे यांचे घुमट उभे आहेत तोवर स्मारक ‘अस्तित्वात’ असते. त्यांच्या पायथ्याची एखादी लहान कबर ढासळली, एखाद्या आर्मेनियन शिळेवरील अक्षरे पुसली गेली, तरी यादीतील संख्या बदलत नाही.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात, तपासलेल्या १,६५५ संरक्षित स्मारकांपैकी ९२ सापडत नसल्याचे नमूद होते. त्यानंतर पुरातत्त्व सर्वेक्षणाने शोध घेऊन काही स्मारके पुन्हा शोधून काढली. २०२३ मध्ये संसदीय समितीच्या अहवालाद्वारे पुढे आलेल्या माहितीनुसार, बेपत्ता ५० स्मारकांपैकी १४ शहरीकरणात गेली, १२ धरणांच्या व जलाशयांच्या पाण्याखाली गेली आणि २४ चा थांग लागला नाही. मार्च २०२४ मध्ये १८ स्मारके राष्ट्रीय महत्त्वाच्या यादीतून वगळण्याची कार्यवाही कायद्याच्या कलम ३५ खाली सुरू झाली. त्यांत झाशी जिल्ह्यातील गनर बर्किलची कबर, लखनौच्या गऊघाट येथील दफनभूमी व बांदा येथील बंद दफनभूमी यांचा समावेश होता. दफनस्थळे किती सहजपणे नाहीशी होतात, हे यावरून ध्यानात यावे. ही आकडेवारी संपूर्ण स्मारकांची आहे. अंशतः नष्ट झालेल्यांची गणना करण्याचे साधनच आपल्याकडे नाही, कारण मुळात काय होते याची कबरनिहाय यादी नाही.

झिजेची कारणे सर्वपरिचित आहेत. विटा व चुन्याच्या बांधकामात पिंपळाचे वा वडाचे रोप एकदा रुजले की मुळे सांधे उकलतात. गिलाव्याची भेग बुजली नाही तर पावसाचे पाणी आत मुरते व क्षार बाहेर येऊन पृष्ठभाग पोपडा धरतो. तापीकाठच्या या शहरास पुराचीही भीती आहे. ऑगस्ट २००६ च्या पुरात शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला होता. घाईने केलेली सिमेंटची दुरुस्ती तर अनेकदा मूळ रोगाहून अधिक घातक ठरते. सिमेंट ओल कोंडून धरते आणि जुना चुना आतून भुसभुशीत होतो. २०१४ च्या राष्ट्रीय संवर्धन धोरणाने पारंपरिक साहित्य व कारागिरी यांवर भर दिला आहे, तो याच अनुभवातून.

एका आक्षेपाचा विचार

परकीय व्यापाऱ्यांच्या, त्यातही पुढे राज्यकर्ते बनलेल्यांच्या, कबरी आपण का जपाव्यात, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. तो टाळण्याजोगा नाही. आपल्याकडील असंख्य वीरगळ व सतीशिळा उघड्यावर पडलेल्या असताना हा प्रश्न अधिकच टोचतो.

यास दोन उत्तरे संभवतात. एक असे की, १६६९ मध्ये सुरतेत मेलेला इंग्रज राज्यकर्ता नव्हता. मोगल सुभेदाराच्या परवानगीने राहणारा, त्याच्या मर्जीवर अवलंबून असलेला व्यापारी होता. त्याने मकबरा बांधून घेतला तो येथील सत्तेच्या चालीरीतींपुढे नमून. ही इमारत साम्राज्याचे विजयस्मारक मानणे हा कालविपर्यास होय. दुसरे असे की, त्या इमारती घडविणारे हात येथलेच होते. त्या गवंड्यांची, चुनेवाल्यांची व सुतारांची नावे कोणत्याही वखारीच्या पत्रात ठळकपणे येत नाहीत. त्यांच्या कारागिरीचा पुरावा या भिंतींतच आहे. वीरगळांची उपेक्षा हे कबरींच्या उपेक्षेचे समर्थन होऊ शकत नाही. दोहोंना लागणारी उपाययोजना एकच आहे, ती म्हणजे गावोगावची नोंद.

उपाययोजना

कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीचे उदाहरण येथे उपयुक्त आहे. १७६७ मध्ये सुरू झालेली ही दफनभूमी विसाव्या शतकात दुरवस्थेस पोहोचली होती. थिऑन विल्किन्सन यांनी दोन पावसाळ्यांच्या त्याच जुन्या म्हणीचे नाव देऊन १९७६ मध्ये ग्रंथ लिहिला व त्याच वर्षी दक्षिण आशियातील दफनभूमींसाठी लंडनमध्ये संस्था स्थापन झाली. १९७८ मध्ये कोलकात्यात स्थानिकांची संस्था उभी राहिली. कबरींची नोंद आणि दुरुस्ती ही कामे तेथे हातात हात घालून चालली. स्थानिक नागरिकांचा सहभाग हा त्या यशाचा गाभा होय.

सुरतेसंदर्भात पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

(१) प्रत्येक कबरीस क्रमांक देऊन नकाशा, मोजमाप व छायाचित्र यांसह सूची तयार करावी. तिरप्या प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रांतून पुसट अक्षरेही वाचता येतात. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही.

(२) बेलासिस, गॅझेटियर व सेठ यांच्या नोंदी आजच्या स्थितीशी ताडून पाहाव्यात. कोणता लेख केव्हापर्यंत वाचता येत होता, हे त्यातून ठरेल व झिजेचा वेग प्रथमच कळेल.

(३) लॅटिन, डच व आर्मेनियन जाणणाऱ्या अभ्यासकांचे साहाय्य घेऊन लेखांचे गुजराती व मराठी अनुवाद प्रसिद्ध करावेत.

(४) रोपे उपटणे, पाणी वाहून जाण्याची सोय करणे व चुन्याने भेगा बुजविणे ही नित्याची कामे मोठ्या जीर्णोद्धाराची वाट न पाहता दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व्हावीत.

(५) इतिहास विभागांनी शिवकालाच्या अभ्याससहलीत रायगडाबरोबर सुरतेचाही समावेश करावा.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, सुरतेच्या दफनभूमींना कायद्याचे छत्र आहे, परंतु त्या छत्राखाली नेमके काय आहे याची तपशीलवार मोजदाद नाही. जे मोजलेले नाही ते हरवले असता कोणाच्या लक्षात येत नाही. घुमटांची दुरुस्ती हे शासनाचे व तज्ज्ञांचे काम आहे. नोंदीचे काम मात्र महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे.

ही जबाबदारी सुरतेपुरती मर्यादित नाही. महाराष्ट्रातील जुन्या छावण्यांच्या व बंदरांच्या गावी लोक ज्यास ‘गोऱ्यांचे कब्रस्तान’ म्हणतात, अशी एखादी झाडोऱ्यात बुडालेली जागा असतेच. एक वही, एक मोजपट्टी, एक कॅमेरा आणि चार विद्यार्थी एवढ्या सामग्रीवर तेथील कबरींची यादी एका हिवाळ्यात पूर्ण होऊ शकते. ऑंजियरची कबर कोणती, असा प्रश्न ज्या कारणाने निर्माण झाला, ते कारण आपल्या गावी तरी उरू नये, एवढे त्यातून निश्चित साधेल.